तापाचा उतारा

एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळात नोकरी करणाऱ्या डॉक्टरला एक रोगी दारातून आत येतानाच ओळखू येई. वय चाळिशीच्या आगेमागे, बहुधा पुरुष. लष्करातला, व्यापारातला नाहीतर नाटकमंडळीतला. सोबत आलेली बायको सांगे, वर्षभरापूर्वीपर्यंत हे हिशेबाला पक्के होते हो. मग ऐपत नसताना घोडे काय घेतले, ओळखपाळख नसलेल्यांना जमिनी काय देऊन टाकल्या. तो मात्र खुशीत असे. आपण कोट्यधीश आहोत, राजघराण्यातले आहोत, उद्या समुद्रावर सोन्याचा पूल बांधणार आहोत, असे तो डॉक्टरलाच ऐकवी. ऐकवताना जीभ अडखळे, ओठ थरथरत. सही करायला सांगितली तर अक्षरे कागदावरून घसरत. एडिंबरोच्या आर्गिल रॉबर्टसनने १८६९ मध्ये आणखी एक खूण दाखवून दिली: डोळ्यांवर उजेड पाडला तरी बाहुल्या आकसत नाहीत, जवळची वस्तू पाहताना मात्र आकसतात. पुढचे सारे ठरलेले होते. झटके, लुळेपणा, अंथरुणाला खिळणे, आणि दोन-तीन वर्षांत मृत्यू.

या रोगाचे नाव ‘जनरल पॅरालिसिस’. इस्पितळात भरती होणाऱ्या पुरुषांत दहांतला एक तरी याचा असे, मोठ्या शहरांत त्याहून अधिक. १८९३ मध्ये पॅरिसमधल्या पासी इथल्या डॉ. ब्लांश यांच्या खासगी दवाखान्यात वयाच्या ४२व्या वर्षी गेलेला कथाकार गी द मोपासाँ याच वाटेने गेला. संगीतकार डोनिझेत्ती त्याआधी, १८४८ मध्ये. तत्त्वज्ञ नीत्शेचे नावही या यादीत घालण्याची प्रथा आहे. त्यावर अजून वाद चालू आहे, म्हणून मी त्याला बाहेरच ठेवतो.

वेड आणि लुळेपणा हे एकाच आजाराचे दोन चेहरे आहेत, हे पहिल्यांदा ठामपणे मांडले एका २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने. १८२२ मध्ये आंत्वान बेलने पॅरिसच्या शारांतों इस्पितळातल्या रोग्यांवर प्रबंध लिहिला. त्याने मृतांच्या कवट्या उघडून पाहिल्या होत्या आणि मेंदूवरची आवरणे सुजलेली, चिकटलेली आढळली होती. वेडाचा एखादा प्रकार शरीरातल्या नेमक्या बिघाडाशी जोडून दाखवण्याचा असा प्रसंग तोवर आला नव्हता. पण सूज कशाने येते? बेलकडे उत्तर नव्हते, आणि पुढची पाऊणशे वर्षे उत्तरांचा सुकाळ झाला: दारू, अतिश्रम, बायकांचा नाद, धंद्यातले बुडणे, शहरी आयुष्याची धावपळ. प्रत्येक काळ आपल्याला ज्याची भीती वाटते ते या रोगाच्या माथी मारत होता.

खरे उत्तर मात्र एका कोपऱ्यात पडून होते. १८५७ मध्ये एस्मार्क आणि येसेन या दोन जर्मन डॉक्टरांनी लिहिले की या रोग्यांना आधी उपदंश, म्हणजे आपण बोलताना गरमी म्हणतो तो रोग, झालेला असतो. पॅरिसच्या आल्फ्रेद फूर्निएने पुढे आकडेवारी गोळा करून तेच म्हटले. तरी लोक मानेनात, आणि त्यात सगळा आडमुठेपणाच होता असे नाही. उपदंशाचा व्रण बरा होतो, पुरळ जाते, माणूस लग्न करतो, मुलेबाळे होतात. मग दहा-वीस वर्षांनी वेड लागते. इतक्या लांबच्या दोन गोष्टींना एका दोरीत ओवायचे तर रोग्याची साक्ष हवी, आणि जो रोग घरात उच्चारता येत नाही त्याची साक्ष कोण देणार? तोवर बऱ्याच रोग्यांची स्मृतीही गेलेली असे.

उपदंश कुणाचा, हा वाद तर त्याच्या जन्मापासूनचा. इटालियनांनी त्याला फ्रेंचांच्या नावावर टाकले, फ्रेंचांनी नेपल्सच्या. आपल्याकडे सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त त्याला फिरंग रोग म्हटले आणि त्यावर चोपचिनी सांगितली. त्याच चोपचिनीवर पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात एक अख्खा संवाद खर्ची घातला आहे. (मुंबई बेट काही काळ याच ओर्ताकडे भाडेपट्ट्याने होते, वैद्यकीच्या इतिहासात असे जमीनदार भेटतात.) चोपचिनीने मेंदूतला उपदंश बरा होत नव्हता, आणि युरोपातल्या पाऱ्यानेही होत नव्हता.

१८९७ मध्ये व्हिएन्नाचे प्राध्यापक क्राफ्ट-एबिंग यांनी मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत एक प्रयोग सांगितला. जनरल पॅरालिसिसच्या नऊ रोग्यांना उपदंशाच्या व्रणातला स्राव टोचला. नऊंपैकी एकालाही व्रण उठला नाही. ज्याला उपदंश आधीच झाला आहे त्याला तो नव्याने धरत नाही; तेव्हा या नऊही जणांना तो पूर्वी झालेला असणार. तर्क बिनतोड आहे. पण तो ज्यांच्या अंगावर सिद्ध झाला ते नऊ जण होय किंवा नाही म्हणण्याच्या पलीकडे गेलेले होते, आणि त्यांच्यातल्या एखाद्याला आधी उपदंश नसता तर तो त्या दिवशी मिळाला असता. या इतिहासात असे पुन:पुन्हा घडताना दिसते. मनाचे आजार देहात उतरून समजून घेण्याची जवळजवळ प्रत्येक पायरी अशाच माणसांच्या देहावरून चढलेली आहे.

पुढची वर्षे धावत गेली. १९०५ मध्ये बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना उपदंशाचा मळसूत्री जंतू दिसला. १९०६ मध्ये वासरमानने रक्ताची चाचणी दिली, आणि रोग्याच्या साक्षीवाचून भागू लागले. १९१० मध्ये पाउल एर्लिकचे साल्व्हर्सान हे उपदंशावरचे औषध बाजारात आले. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत हिदेयो नोगुचीने, मूर नावाच्या सहकाऱ्यासोबत, या रोगाने मेलेल्यांचे ७० मेंदू तपासले आणि त्यांतल्या १२ मेंदूंत तो जंतू दाखवला. नोगुची जपानच्या फुकुशिमा भागातल्या गरीब शेतकरी घरातला, लहानपणी चुलीत हात भाजून बोटे जायबंदी झालेला. त्या हाताने त्याने पातळ कापांमागून काप तपासले. वादाचा निकाल लागला: वेडाचा एक मोठा, भयानक प्रकार हा मेंदूतल्या संसर्गाचा प्रकार होता.

पण निकाल लागून रोगी बरे होत नव्हते. साल्व्हर्सान रक्तातल्या जंतूंवर चाले, मेंदूत पुरेसे पोचत नसे. गंमत अशी की मेंदूभोवतीच्या या अडसराची पहिली चाहूल खुद्द एर्लिकलाच लागली होती. १८८५ मध्ये त्याने जनावरांच्या रक्तात रंग सोडले तेव्हा सगळी इंद्रिये रंगली, मेंदू कोरा राहिला. पंचवीस वर्षांनी त्याचेच औषध त्याच दाराशी अडले.

इथे युलियुस वाग्नर-यौरेग रंगमंचावर येतो. १८५७ साली ऑस्ट्रियातल्या वेल्स गावी जन्मलेला, सरकारी नोकराचा मुलगा. छायाचित्रांत दिसतो तो झुपकेदार मिशांचा, रुंद खांद्यांचा, फार न हसणारा माणूस. मनोविकारांकडे तो आवडीने आला नाही. दुसरी जागा मिळाली नाही म्हणून आला. प्रयोगशाळेत वाढलेला असल्याने मनाच्या गूढ गप्पांशी त्याला देणेघेणे नव्हते. फ्रॉइड त्याचा विद्यार्थिदशेपासूनचा परिचित, पण फ्रॉइडचे मनोविश्लेषण त्याला पटले नाही ते नाहीच. १८८३ च्या सुमारास, नवशिका असताना, त्याने एक वेड लागलेली बाई पाहिली. तिला धावरे झाले, अंग लाल होऊन सुजले, सपाटून ताप चढला. ताप उतरला तेव्हा ती शुद्धीवर होती. मोठ्या तापानंतर वेड ओसरल्याच्या अशा गोष्टी वैद्यकात जुन्या काळापासून सांगितल्या जात. इतर डॉक्टर त्या सांगून मोकळे होत. याने त्यांचा पिच्छा पुरवला. १८८७ मध्ये त्याने लिहूनच टाकले की मुद्दाम ताप आणून वेड बरे करता येईल का ते पाहायला हवे, आणि त्यासाठी हिवतापाचाही विचार व्हावा.

यानंतर तीस वर्षे गेली. त्याने धावऱ्याचे जंतू टोचून पाहिले. कोखने क्षयाच्या जंतूंपासून केलेले ट्युबरक्युलिन वापरून पाहिले. काहींना गुण आला, बराच काळ टिकला नाही, आणि ट्युबरक्युलिनच धोक्याचे म्हणून बदनाम झाले. हिवताप मात्र त्याला पटत गेला, आणि कारण व्यावहारिक होते: हा ताप एक दिवसाआड घड्याळ लावल्यासारखा येतो, आणि नको झाला की क्विनीनने बंद करता येतो.

१९१७ च्या जूनमध्ये त्याच्या दवाखान्यात बाल्कन आघाडीवरून आलेला एक सैनिक हुडहुडीने कुडकुडत पडला होता. याला क्विनीन द्यायचे ना, असे सहायकाने विचारले. वाग्नर-यौरेग नाही म्हणाला. १४ जून रोजी त्या सैनिकाचे रक्त काढून जनरल पॅरालिसिसच्या रोग्यांच्या दंडावर केलेल्या ओरखड्यांत चोळले गेले. पहिल्या रोग्यांत ३७ वर्षांचा एक नट होता. त्याची स्मृती गेली होती, झटके येत होते. काही आठवड्यांनी त्याला ताप चढला. तापाच्या पाळ्या होऊ दिल्या, मग क्विनीन दिले. झटके थांबले. हळूहळू त्याला आठवू लागले, आणि तो इस्पितळातल्या इतर रोग्यांपुढे नाट्यप्रवेश करू लागला.

पहिल्या फेरीत नऊ जणांना ताप दिला. सहांना चांगला उतार पडला. त्यांतल्या तिघांचा टिकला. ज्या रोगातून कोणी उठत नव्हते त्यातून तीन माणसे कामाला लागली, हा आकडा त्या काळच्या डॉक्टरांना केवढा वाटला असेल ते त्यांच्या इस्पितळांच्या मृत्युनोंदी वाचल्यावर कळते. पण याच कथेत चार माणसे आणखी आहेत. पुढे एकदा रक्त कोणत्या हिवतापाचे आहे याची नीट खात्री न करता ते वापरले गेले. तो निघाला घातक जातीचा, क्विनीनलाही न जुमानणारा. चौघांपैकी तिघे मेले. वाग्नर-यौरेगने ते लपवले नाही, उपचार काही काळ थांबवला आणि नंतर पुन्हा सुरू केला.

त्याच दवाखान्यात, त्याच सालात, संसर्ग आणि मन यांचा दुसरा अध्यायही लिहिला जात होता, आणि मला तर तो जास्त चटका लावणारा वाटतो. कॉन्स्टांटिन फॉन इकोनोमो हा तिथला डॉक्टर. ग्रीक वंशाचा, श्रीमंत घरातला, हौसेने विमान उडवणारा. १९१६-१७ च्या हिवाळ्यात त्याच्यासमोर असे रोगी आले की त्यांना कोणत्याच ओळखीच्या रोगात बसवता येईना. ते जेवताना घास तोंडात तसाच ठेवून झोपत. हलवले की जागे होत, प्रश्नाला बरोबर उत्तर देत, आणि पुन्हा झोपत. काही उलटे, दिवसचे दिवस न झोपणारे. १९१७ च्या वसंतात त्याने या मेंदूज्वराचे वर्णन छापले आणि त्याला एन्सेफॅलायटिस लेथार्जिका हे नाव दिले. मेलेल्यांचे मेंदू पाहून त्याने एक विलक्षण गोष्ट सांगितली: झोपाळू रोग्यांच्या मेंदूतळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडलेला, तर निद्रानाश झालेल्यांचा पुढचा. म्हणजे झोप आणि जाग यांना मेंदूत जागा आहे. निद्रेचे शास्त्र आजही या निरीक्षणावर उभे आहे.

साथ जगभर फिरली आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस ओसरली. वाचलेल्यांचे हाल नंतर सुरू झाले. गोड स्वभावाची मुले आजारातून उठली ती मारकुटी, चोरटी, निर्लज्ज होऊन. शाळांनी त्यांना काढले, आईबापांना त्यांच्यात आपले मूल सापडेना. त्या मुलांना आपण काय करतो आहोत हे कळत असे आणि आवरता येत नसे. स्वभाव ही माणसाच्या संस्काराची कमाई आहे, असे मानणाऱ्या पिढीला हे पचणे कठीण होते. मोठी माणसे काही वर्षांनंतर कंपवाताने पुतळ्यासारखी गोठली. अशाच काही जणांना १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ऑलिव्हर सॅक्सने एल-डोपा हे औषध दिले आणि ती दशकांनंतर बोलू-चालू लागली. बहुतेकांच्या बाबतीत तो चमत्कार फार टिकला नाही. या साथीचा जंतू आजतागायत सापडलेला नाही. इकोनोमो १९३१ मध्ये गेला. त्याच्या वाट्याला नोबेल आले नाही.

वाग्नर-यौरेगच्या वाट्याला ते १९२७ मध्ये आले, तेही अडथळे ओलांडून. पारितोषिकाच्या निवडीत ज्याचा शब्द चाले त्या स्टॉकहोममधल्या मनोविकारतज्ज्ञ गाडेलियसचे मत असे की आधीच लुळ्या झालेल्या माणसाला हिवताप टोचणारा डॉक्टर हा गुन्हेगारच होय. तो बाजूला झाल्यावर पारितोषिक मंजूर झाले. गाडेलियसला हटवादी ठरवणे सोपे आहे. पण उपचार म्हणून जीवघेणा रोग देणे हे डॉक्टरांच्या शपथेत कुठे बसते, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. वाग्नर-यौरेग हा काही साधुपुरुष नव्हता. युद्धात भेदरून थरथरणाऱ्या सैनिकांना विजेचे झटके देऊन पुन्हा आघाडीवर पाठवल्याच्या आरोपावरून १९२० मध्ये त्याची चौकशी झाली होती. त्या चौकशीत तज्ज्ञ म्हणून बोलायला आला तो फ्रॉइड, आणि त्याने वाग्नर-यौरेगच्या हेतूवर शंका घेतली नाही. वाग्नर-यौरेग निर्दोष ठरला. गलगंड आणि मतिमंदत्व टाळण्यासाठी ऑस्ट्रियात मिठात आयोडीन घालावे म्हणून झगडणाराही हाच, आणि आयुष्याच्या शेवटी नाझी पक्षाच्या सदस्यत्वासाठी अर्ज करणाराही हाच. पहिली बायको ज्यू होती म्हणून तो अर्ज फेटाळला गेला.

हिवतापाचा उपचार तोवर सगळीकडे पसरला होता. एका रोग्याचे रक्त दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला, अशी साखळी चाले. इंग्लंडमध्ये एप्सम गावच्या हॉर्टन इस्पितळात १९२५ पासून निराळी व्यवस्था उभी राहिली: तिथे डास पाळत, त्यांना हिवतापाचे रक्त पाजत, आणि मग ते डास काचेच्या भांड्यात घालून रोग्याच्या मांडीवर ठेवत. या कामामागे कर्नल सिडनी प्राइस जेम्स होता, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून निवृत्त झालेला. याच जेम्सने १९०४ मध्ये ग्लेन लिस्टनबरोबर हिंदुस्थानातल्या अ‍ॅनोफिलीस डासांवर ग्रंथ लिहिला होता. लिस्टन म्हणजे परळच्या प्रयोगशाळेत प्लेगवर काम केलेला. पुढे हॉर्टनची सूत्रे गॉर्डन कोव्हेलकडे आली. त्याने १९२८ मध्ये मुंबईतल्या हिवतापावर अहवाल लिहिला होता, ज्यात शहरातल्या विहिरी आणि टाक्या हेच डासांचे माहेर असल्याचे दिसते. हिवतापाचा परजीवी रक्तात येण्याआधी माणसाच्या यकृतात लपतो, हे १९४८ मध्ये शॉर्ट, गार्नहॅम, कोव्हेल आणि शूट यांनी दाखवले. आपल्या गावोगावच्या हिवतापाविषयी जे शहाणपण साठले त्यात हॉर्टनच्या मनोरुग्णांचा वाटा आहे, आणि तो फारसा कुणी मोजत नाही.

या उपचाराने डॉक्टरही बदलले. कॅलिफोर्नियातल्या एका सरकारी इस्पितळाच्या जुन्या नोंदी जोएल ब्रास्लो या इतिहासकाराने तपासल्या आहेत. हिवताप येण्यापूर्वी जनरल पॅरालिसिसच्या रोग्याविषयी डॉक्टर नैतिक तिरस्काराने लिहीत. उपचार आल्यानंतर तेच डॉक्टर रोग्याशी बोलू लागले, त्याला काय हवे ते विचारू लागले. ज्याच्यासाठी काही करता येते त्याच्याकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहतो.

पण विजयाची नशाही चढते. एका वेडामागे जंतू सापडला, तर मग सगळ्याच वेडांमागे का नसेल? न्यूजर्सीत ट्रेंटनच्या सरकारी इस्पितळाचा प्रमुख हेन्री कॉटन याला याची खात्रीच पटली. दातांच्या मुळाशी, टॉन्सिलमध्ये, आतड्यात लपलेल्या पूमुळे मन बिघडते, असे ठरवून त्याने १९१६ पासून रोग्यांचे दात उपटायला सुरुवात केली. दातांनी भागले नाही की टॉन्सिल, मग मोठ्या आतड्याचा भाग. शंभरातले ८५ बरे होतात, असे तो सांगे आणि वर्तमानपत्रे ते छापत. आतड्याच्या शस्त्रक्रियेत सुमारे तिसरा हिस्सा रोगी मरत. फिलिस ग्रीनेकर या तरुण डॉक्टरीणबाईने रोग्यांचा मागोवा घेऊन सगळे दावे पोकळ असल्याचा अहवाल १९२०च्या दशकात तयार केला. तिचे वरिष्ठ अ‍ॅडॉल्फ मेयर यांनी तो दाबून ठेवला. कॉटनने स्वतःच्या मुलांचेही दात काढवले होते. म्हणजे तो ढोंगी नव्हता. अशी माणसे ढोंग्यांपेक्षा भारी पडतात.

हिवतापाने खरोखर किती जण बरे झाले? त्या काळचे अहवाल साधारण चौथ्या-तिसऱ्या हिश्श्याला चांगला उतार पडल्याचे सांगतात. पण ताप दिलेले आणि न दिलेले रोगी शेजारी ठेवून नीट तुलना कधी झालीच नाही. धडधाकट रोग्यांनाच निवडून ताप देत, कारण बाकीचे तो सोसू शकत नसत. तापाने मरणारेही होते, इस्पितळागणिक कमीजास्त.

शेवटी प्रश्नच बाजूला पडला. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावर जॉन महोनीने उपदंशाच्या चार रोग्यांना पेनिसिलीन दिले आणि जंतू नाहीसे झाले. मेंदूतल्या उपदंशावरही ते चालते हे लवकरच कळले. तरी अलाबामातल्या मेकन परगण्यात ३९९ उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना ते मिळू दिले गेले नाही. रोग आपल्या चालीने कुठवर जातो, मेंदूला काय करतो, हे पाहण्यासाठी अमेरिकी सरकारच्या आरोग्यखात्याने १९३२ मध्ये सुरू केलेला हा ‘अभ्यास’ १९७२ पर्यंत चालला. पाठीच्या मणक्यातून पाणी काढण्याच्या तपासणीला त्या माणसांना ‘खास मोफत उपचार’ म्हणून बोलावले जात होते.

आपल्याकडे गरोदर बाईचे रक्त तपासायला गेले की कागदावर व्हीडीआरएल असे एक नाव असते, रक्तपेढीतही असते. ती वासरमानच्या चाचणीची नात आहे. पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसाची स्मृती अचानक ढासळली, स्वभाव उफराटा झाला, तर जाणता मनोविकारतज्ज्ञ आजही ती चाचणी लिहून देतो, कारण मेंदूतला उपदंश दुर्मीळ झाला असला तरी संपलेला नाही, विशेषतः एचआयव्हीच्या रोग्यांत. वेळेत सापडला तर चौदा दिवसांच्या आत पेनिसिलीनचा कोर्स पुरा होतो.